गेलेला रंग आणि बावचीचे बी

कोड हा शब्द घरात कुणी मोठ्याने उच्चारत नाही. बाईच्या हातावर पांढरा डाग दिसला, की ती हात पदराखाली घेते. पुरुषाच्या ओठाच्या कडेला डाग आला, की तो चारचौघांत बोलायचे टाळतो. घरात लग्नाची मुलगी असेल, तर सगळ्यांची झोपच उडते. "कुणाला सांगू नकोस गं," असे आई म्हणते. मग गुपचूप औषधे सुरू होतात. कुणी लेप सांगतो. कुणी तेल सांगतो. कुणी उपास सांगतो.

या पाठात आपण कोडाची माहिती उघडपणे वाचणार आहोत. कातडीला रंग कशाने येतो? तो जातो का? गेलेला रंग परत आणणारी द्रव्ये कोणती? ती काम कशी करतात? हे सारे पाहू. ही द्रव्ये खोटी नाहीत. त्यांच्यात ताकद आहे. पण ताकद आहे म्हणूनच त्यांना माप लागते. माप न कळल्यामुळे डाग घालवता घालवता अंग भाजून घेतलेली माणसे पुष्कळ आहेत.

१. कातडीतला रंगारी

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. भिंतीला जशा विटा, तशा शरीराला पेशी. त्या इतक्या लहान असतात, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी काही खास पेशी असतात. त्यांचे काम एकच. रंग तयार करायचा आणि शेजारच्या पेशींना वाटायचा. त्यांना आपण रंगपेशी म्हणू. त्या जो रंग तयार करतात, त्याचे नाव मेलॅनिन.

मेलॅनिनला कच्चा माल लागतो. त्याचे नाव टायरोसीन. तो आपल्याला डाळ, दूध, अंडी, मांस अशा अन्नातून मिळतो. शिवाय शरीर तो स्वतःही तयार करते. या कच्च्या मालाचा रंग बनवणारे आणखी एक द्रव्य रंगपेशीत असते. ते जणू कारागीर. त्याचे नाव टायरोसिनेज.

आता एक गंमत पाहा. गोरा माणूस आणि काळा माणूस, दोघांच्या कातडीत रंगपेशी साधारण सारख्याच असतात. मग फरक कशाने पडतो? एकाच्या रंगपेशी कमी रंग करतात, दुसऱ्याच्या जास्त. त्यांचा रंगही थोडा निराळा असतो. बस, एवढाच फरक!

मेलॅनिन ही कातडीची छत्री आहे. उन्हातले जे किरण कातडीला भाजतात, ते मेलॅनिन अडवते. म्हणून शेतात राबणाऱ्याचे हात काळे पडतात. ऊन वाढले, की रंगपेशी जास्त काम करतात. ऊन आणि रंग यांचे हे नाते लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

२. रंग का जातो?

कोडात काय होते? डागाच्या जागी रंगपेशी नाहीशा होतात. रंगारीच नाही, तर रंग कोण करणार? म्हणून ती जागा दुधासारखी पांढरी दिसते.

रंगपेशी नाहीशा का होतात? त्याचे मुख्य कारण असे. आपल्या शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरून रोगजंतू आले, की त्या त्यांच्यावर तुटून पडतात. पण कधीकधी त्यांची ओळख चुकते. शेताचा राखणदार चोर समजून घरच्याच गड्याला झोडपतो ना, तसे होते. राखणदार पेशी आपल्याच रंगपेशींना परके समजतात आणि मारतात.

ही ओळख का चुकते? त्यात थोडा वाटा आनुवंशिकतेचा असतो. पण आईला किंवा बापाला कोड आहे म्हणून मुलाला ते येतेच, असे नाही. कोड असलेल्या पुष्कळ माणसांच्या नात्यागोत्यात कुणालाच कोड नसते.

काही वेळा रसायनांमुळेही रंग जातो. १९३९ साली अमेरिकेतली एक हकिगत प्रसिद्ध झाली. कातडी कमावण्याच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडू लागले. शोध केला, तेव्हा दोष त्यांच्या रबरी हातमोज्यांत सापडला. रबर टिकावे म्हणून त्यात एक रसायन घातलेले होते. ते रंगपेशींना मारत होते. आपल्याकडेही चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर, किंवा रबरी चपलेच्या पट्ट्यामुळे पायावर असे डाग पडल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. टिकलीच्या जागी कातडी पांढरी पडू लागली, तर ती टिकली ताबडतोब बंद करावी.

जगात दर दोनशे माणसांत एका-दोघांना कोड असते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना ते वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत सुरू होते. बाई असो की पुरुष, गोरा असो की काळा, गरीब असो की श्रीमंत, कोड कुणालाही येऊ शकते.

"मासे खाऊन वर दूध प्यायलं, म्हणून कोड आलं," असे आपल्याकडे म्हणतात. याला काहीही पुरावा नाही. "मागच्या जन्मीचं पाप" हेही खरे नाही. राखणदार पेशींना पाप-पुण्य कळत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोड पसरणारा रोग नव्हे. कोड असलेल्या माणसाच्या ताटात जेवा. त्याचा हात हातात घ्या. त्याच्या अंथरुणावर झोपा. त्याचे कोड तुम्हाला लागणार नाही. आई मुलाला अंगावर पाजते, त्यानेही ते मुलाला लागत नाही.

३. कोड निराळे, कुष्ठरोग निराळा

हिंदीत कुष्ठरोगाला 'कोढ' म्हणतात. आपल्या मराठीत 'कोड' म्हणजे पांढरे डाग. शब्द जवळजवळ सारखा, पण रोग अगदी निराळे. या सारखेपणाने पुष्कळ घोटाळा होतो.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. नॉर्वे देशातले डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली ते जंतू शोधून काढले. या रोगात डाग फिकट किंवा लालसर असतो. पुष्कळदा तो बधिर असतो. टोचले, तरी कळत नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि त्या जागी स्पर्श चांगला कळतो.

मात्र प्रत्येक फिकट डाग कोडाचाच असतो, असे नाही. शिबे असते. लहान मुलांच्या गालावर फिकट चट्टे येतात. भाजल्याचा वणही पांढरा दिसतो. म्हणून घरी निदान करू नका. डॉक्टरांना दाखवा. डाग बधिर असेल, तर एक दिवसही थांबू नका. कुष्ठरोगही आता औषधाने पुरता बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ते औषध फुकट मिळते.

४. बावचीचे बी

आता औषधाकडे वळू. बावची हे झुडूप तुमच्यापैकी काहींनी रानात पाहिले असेल. साधारण कमरेएवढे वाढते. त्याला निळसर जांभळी बारीक फुले येतात. शेंगेत एकच बी असते. ते काळे, चपटे आणि उग्र वासाचे. काष्ठौषधींच्या दुकानात ते मिळते.

संस्कृतमध्ये बावचीला बाकुची म्हणतात, आणि कोडाला श्वित्र. श्वित्रावर बाकुची द्यावी, असे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे. औषध देऊन उन्हात बसवावे, असाही उपचार वैद्य करीत आले. म्हणजे बी आणि ऊन यांची जोडी आपल्या लोकांनी फार पूर्वीच जुळवली होती. पण ही जोडी काम का करते, ते मात्र ठाऊक नव्हते.

ते पुढे कळले. १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून एक द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव सोरालेन. हे नाव बावचीच्या शास्त्रीय नावावरूनच आले आहे. या एका द्रव्यावरून त्याच्या सगळ्या कुळाला सोरालेन म्हणू लागले.

हे कूळ बावचीतच राहते, असे नाही. अंजिराच्या चिकात ते असते. काही जातींच्या लिंबांच्या सालीतही असते. अंजिराचा चीक अंगाला लागला आणि त्यावर कडक ऊन पडले, तर तिथे भाजल्यासारखे फोड येतात. मग काळा डाग पडतो आणि तो बरेच दिवस टिकतो. हे काम सोरालेनचेच.

५. नाईल नदीच्या काठी

सोरालेनची दुसरी गोष्ट आपल्या देशाबाहेरची आहे. आफ्रिका खंडात इजिप्त नावाचा देश आहे. तिथे नाईल नदीच्या खोऱ्यात पांढऱ्या फुलांच्या गुच्छांची एक वनस्पती उगवते. तिच्या बियांना तिथले लोक अत्रिलाल म्हणतात. या बियांची पूड खायची आणि डाग उन्हात धरायचे, असा कोडावरचा उपाय तिकडे जुना आहे. तेराव्या शतकातले अरबी वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल बैतार यांच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे.

बावची निराळी, अत्रिलाल निराळी. दोघींचे कूळही एक नाही. तरी दोन दूरच्या देशांतल्या लोकांनी एकच युक्ती शोधली होती. बी आणि ऊन.

१९४७ साली इजिप्तच्या शास्त्रज्ञांनी अत्रिलालच्या बियांतून औषधी द्रव्य वेगळे केले. तेही सोरालेनच्याच कुळातले निघाले. त्याला आज मेथॉक्सालेन म्हणतात. कैरो शहरातले डॉक्टर अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ते कोडाच्या रोग्यांना दिले आणि आपला अनुभव १९४८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे औषध जगभर गेले. बियांच्या पुडीऐवजी मोजून केलेली गोळी आणि मोजून केलेले पातळ औषध आले.

यात फार मोठा फायदा झाला. एका मूठभर बियांत द्रव्य किती, हे कुणाला सांगता येत नाही. एका शेतातल्या बियांत जास्त, दुसऱ्या शेतातल्या बियांत कमी. गोळीत मात्र ते नेमके मोजलेले असते.

६. काडी आणि पेटी

सोरालेन काम कसे करते? आगकाडी आणि काडेपेटी डोळ्यांसमोर आणा. नुसती काडी पेटत नाही. नुसती पेटीही पेटत नाही. काडी पेटीवर घासली, की जाळ होतो.

सोरालेन ही काडी आहे. उन्हातले अतिनील किरण ही पेटी आहे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीला लागतात. सोरालेन लावून माणूस अंधारात बसला, तर रंग येणार नाही. किरण पडले, की सोरालेन पेशींच्या आत शिरून काम करू लागते. त्याचे दोन परिणाम होतात. एक, चुकलेल्या राखणदार पेशी थंडावतात. दोन, झोपलेल्या रंगपेशी जाग्या होतात.

पण डागातल्या रंगपेशी तर मेल्या होत्या. मग या कुठून आल्या? त्या केसांच्या मुळाशी असतात. वरच्या रंगपेशी नाहीशा झाल्या, तरी केसाच्या मुळाशी काही शिल्लक राहतात. शेत करपले, तरी कणगीत बियाणे राहते, तसे. औषध आणि किरण मिळाले, की त्या वाढतात आणि हळूहळू वर सरकतात. म्हणून पांढऱ्या डागात आधी केसांभोवती बारीक काळे ठिपके दिसतात. मग ठिपके पसरतात आणि एकमेकांना मिळतात.

यावरून एक गोष्ट समजते. जिथे केसच नाहीत, तिथे बियाणे नाही. ओठ, बोटांची टोके, तळहात, तळपाय इथले डाग हट्टी असतात. डागातला केसही पांढरा झाला असेल, तर तिथले बियाणे संपलेले असण्याचा संभव असतो. चेहरा आणि मान इथे रंग लवकर येतो.

७. माप चुकले, तर

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तो सावकाश वाचा. वाचून घरच्यांनाही सांगा.

कुणी बावचीचे तेल आणतो. डागावर चोळतो आणि भर दुपारी उन्हात बसतो. त्या दिवशी काही होत नाही. तो म्हणतो, "औषध कमी पडलं." दुसऱ्या दिवशी तेल जास्त लावतो. उन्हात दुप्पट वेळ बसतो. आणि मग डाग लाल होतो, आग करतो, मोठे फोड येतात.

असे का झाले? साधे ऊन लागले, तर कातडी काही तासांत लाल होते. पण सोरालेनचा चटका उशिरा दिसतो. तो दोन-तीन दिवसांनी पुरता कळतो. म्हणजे पहिल्या दिवसाचा चटका अजून आतच होता. त्यावर दुसऱ्या दिवसाचा पडला. पांढऱ्या डागावर मेलॅनिनची छत्रीही नसते. म्हणून तो आणखी लवकर भाजतो.

तोटा इथेच संपत नाही. कोड असलेल्या माणसाच्या कातडीला जिथे जखम होते, तिथे नवा डाग उठू शकतो. म्हणजे डाग घालवायला गेले, आणि डाग वाढवून बसले!

डॉक्टर हेच औषध कसे देतात, ते पाहा. आधी डाग कोडाचाच आहे ना, हे ठरवतात. लावायचे औषध पातळ करून देतात. पहिल्या दिवशी ऊन अगदी थोडा वेळ घ्यायला सांगतात. मग कातडी पाहून वेळ हळूहळू वाढवतात. रोज नाही, मध्ये दिवस सोडून. ऊन झाले, की औषध धुऊन टाकायचे आणि तो भाग झाकायचा.

गोळी घ्यायची असेल, तर आणखी काळजी लागते. गोळीतले द्रव्य डोळ्यांतही जाते. म्हणून गोळी घेतल्यापासून पुढचे चोवीस तास किरण अडवणारा खास चष्मा लावावा लागतो. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत. लहान मुलांनाही देत नाहीत. यकृताचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. हा उपचार वर्षानुवर्षे फार वेळा घेतला, तर कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर किती वेळा किरण दिले, याचा हिशेब ठेवतात.

"झाडपाल्याचं औषध आहे, त्यानं काय बाधतंय?" असे कुणी म्हणेल. त्याला सांगा, की गोळीतले द्रव्य आणि बावचीतले द्रव्य एकाच कुळातले आहे. बावची खाल्ल्याने यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही आहेत. झाडपाला म्हणजे सौम्य, असे मुळीच नाही. बावची घ्यायची, तर शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी.

८. त्यानंतरचे शोध

उन्हाचे माप ठेवणे कठीण असते. पावसाळ्यात ऊन नसते, उन्हाळ्यात ते फार असते. म्हणून शास्त्रज्ञांनी किरणांचे दिवे केले. १९७४ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या डॉक्टरांनी सोरालेनची गोळी आणि दिव्याचे किरण यांचा उपचार जगापुढे मांडला. तो आधी सोरायसिस या दुसऱ्या कातडीच्या रोगावर होता. मग तो कोडावरही वापरू लागले. त्याला 'पुवा' म्हणतात.

पुढे आणखी एक दिवा आला. त्याला नॅरोबॅन्ड यूव्हीबी म्हणतात. त्याला सोरालेन लागतच नाही. म्हणजे काडीविना चालणारी पेटी! हा उपचार कोडावर चांगला चालतो, असे नेदरलँड्स देशातल्या डॉक्टरांनी १९९७ साली दाखवले. आठवड्यातून दोन-तीन वेळा दवाखान्यात जाऊन थोडा वेळ दिव्यासमोर उभे राहायचे. मुलांना आणि गरोदर बायांनाही तो देता येतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी तो पुवाच्या आधी वापरतात.

काही औषधे राखणदार पेशींना शांत करतात. स्टेरॉइडची मलमे त्यांतलीच. ती उपयोगी आहेत, पण मनाने महिनोन्‌महिने लावली, तर कातडी पातळ होते. टॅक्रोलिमस हे दुसरे मलम. रुक्सोलिटिनिब हे त्याहून नवे मलम. अमेरिकेत २०२२ साली, कोडात रंग परत आणण्यासाठी म्हणून त्याला सरकारी मंजुरी मिळाली. ते राखणदारांना मिळणारा चुकीचा निरोप मध्येच अडवते. मार थांबला, की रंगपेशी पुन्हा कामाला लागतात.

रंगपेशींना "काम करा" असा निरोप शरीर स्वतःही देत असते. त्या निरोपासारखे एक द्रव्य शास्त्रज्ञांनी बनवले आहे. त्याचे नाव अफामेलॅनोटाइड. त्याची बारीक कांडी कातडीखाली ठेवतात. ऊन सोसत नाही अशा एका दुर्मिळ रोगासाठी त्याला युरोपात २०१४ साली आणि अमेरिकेत २०१९ साली मंजुरी मिळाली. कोडावरही दिव्याच्या जोडीने त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

आपल्या स्वयंपाकघरातली काळी मिरीही प्रयोगशाळेत गेली आहे. तिच्यातल्या पायपरीन या द्रव्याने काचेच्या ताटलीत ठेवलेल्या रंगपेशी वाढल्या, असे लंडनच्या शास्त्रज्ञांना दिसले. पण ताटलीत झाले म्हणजे माणसावर झाले, असे नव्हे. म्हणून मिरी वाटून डागावर लावू नका. कातडीची आग होईल, दुसरे काही नाही.

डाग वर्षभर वाढला नसेल, तर शस्त्रक्रियाही करता येते. चांगल्या कातडीतल्या रंगपेशी घेऊन डागावर बसवतात. भाताची रोपे एका वाफ्यातून काढून दुसरीकडे लावतात ना, तसेच हे आहे.

९. धीर आणि माणुसकी

रंग एका रात्रीत जात नाही आणि एका रात्रीत येतही नाही. उपचाराला महिने लागतात. पहिले ठिपके दिसायलाच दोन-तीन महिने जातात. पुष्कळ जण तेवढ्यात कंटाळून औषध सोडतात. काहींचा रंग चांगला परततो. काहींचा थोडा परततो. काहींना उपचार थांबल्यावर पुन्हा डाग येतात. "आठ दिवसांत कोड मुळासकट घालवतो," असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याला पैसे देण्याआधी हा पाठ आठवा.

उपचार जितका लवकर सुरू होईल, तितके बरे. नवा डाग ऐकतो, जुना डाग अडून बसतो. म्हणून लपवण्यात तोटा आहे. मुलीचा डाग लग्नापर्यंत झाकून ठेवणारे आईबाप तिचे औषधाचे दिवस वाया घालवतात. शिवाय लपवलेली गोष्ट पुढे उघडी पडते, ती भांडणच घेऊन येते. आधीच खरे सांगावे. "हा रोग लागत नाही. जीवाला धोका नाही. औषध चालू आहे," एवढे तीन शब्द सरळ मानेने सांगता आले पाहिजेत.

आणि रंग परत आला नाही, तर? तरी माणूस तोच राहतो. त्याचे हात तितकेच काम करतात. तिच्या हातची भाकरी तितकीच गोड लागते. अमेरिकेतला प्रसिद्ध गायक मायकेल जॅक्सन याला कोड होते. १९९३ साली त्याने ते दूरचित्रवाणीवर सगळ्या जगाला सांगितले. २५ जून हा दिवस आता जागतिक कोड दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी कोड असलेली माणसे उघड्या हातांनी आणि उघड्या चेहऱ्याने एकत्र येतात.

रंगपेशींना जागे करणारी द्रव्ये शास्त्राने शोधली आहेत. ती डॉक्टर देतील. पण पंगतीत कोड असलेल्या माणसाशेजारी पान मांडून बसणे, हे काम डॉक्टरांचे नाही. ते तुमचे आणि माझे आहे.

लक्षात ठेवा

कोड लागत नाही. ते पाप नाही, शाप नाही.
कोड आणि कुष्ठरोग निराळे आहेत. डाग बधिर असेल, तर लगेच दवाखान्यात जा.
बावचीतल्या सोरालेनने रंग येतो, पण ऊन आणि औषध दोन्ही मोजून घ्यावी लागतात.
सोरालेनचा चटका दोन-तीन दिवसांनी दिसतो. आज काही झाले नाही, म्हणून उद्या माप वाढवू नका.
उपचार लवकर सुरू करा आणि धीर धरा.

प्रश्न

१. कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याचे नाव काय?
२. कोडाचा डाग आणि कुष्ठरोगाचा डाग यांत फरक कोणता?
३. सोरालेन आणि ऊन यांना काडी आणि पेटी का म्हटले आहे?
४. रंग परत येताना आधी केसांभोवती ठिपके का दिसतात?
५. शेजारी बावचीचे तेल लावून दुपारच्या उन्हात बसला आहे. त्याला तुम्ही काय सांगाल? चार वाक्ये लिहा.

नवे शब्द

पेशी – ज्यांचे शरीर बनते ते अगदी बारीक भाग
द्रव्य – पदार्थ
आनुवंशिकता – आईबापांकडून मुलांकडे गुण येणे
बधिर – स्पर्श न कळणारा
अतिनील किरण – उन्हातले डोळ्यांना न दिसणारे, कातडीला लागणारे किरण
यकृत – पोटात उजव्या बाजूला असणारा अवयव. काळीज असेही म्हणतात
निदान – रोग ओळखणे